सगळा हात म्हणजे सहा

शके १८४३, म्हणजे सन १९२१, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सकाळची वेळ. जागा किहीमची नारळाची वखार. माल, सोललेले नारळ चौदा शेकडे. हजर माणसं चार: वखारीचे शेठ, त्यांचा दलाल, नारळांची मालकीण आणि मी, वखारीचा कारकून. शेठच्या म्हणण्याप्रमाणे दर ठरला शेकडा पाच रुपये. मालकिणीच्या म्हणण्याप्रमाणे सहा. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं.

तेव्हा आमच्या वखारीत दर तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातांवर उपरणं टाकत आणि खाली एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं की एक रुपया, दोन धरली की दोन, सगळा हात धरला की पाच. भोवतालच्यांना दर कळू नये म्हणून ही सोय. बायका या व्यवहारात येत नसत. त्यांच्या वतीने दीर, भाऊ किंवा मुलगा हात घाली. या बाईंनी दिराला वाटेतूनच परत पाठवलं आणि उपरण्याखाली स्वतःचा हात घातला. शेठ मागे सरले तशा त्या म्हणाल्या, "हात धरायला लाजता शेठ, आणि नारळ धरायला न्हाय लाजत?"

शेठनी मान दुसरीकडे वळवली, घाईने सगळा हात धरला आणि सोडला. मग मला म्हणाले, "लिख, पाच."

"सहा," बाई म्हणाल्या.

"अरे काकी, मी आखा हात पकडला. आखा हात म्हणजे पाच. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत कोणालाही विचारा."

"त्यांचा हात पाचाचा आसंल. माजा सगळा हात म्हणजे सहा." त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि उजवा हात गादीवर उपडा ठेवला. "तुमी निम्मा हात धरला न्हाय, पाऊण धरला न्हाय. सगळा धरलात. कारकून, तू लिव्हणारा माणूस. मोज."

मी मोजलं. करंगळीच्या पलीकडे आणखी एक बोट होतं, करंगळीहून थोडं आखूड, पेरं असलेलं, नख असलेलं. मी सहा म्हणालो. शेठनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही, पण बोट तर समोर होतं. शेवटी दलालच हसायला लागला, आणि मग शेठही हसले. सहाने हिशेब झाला. त्यानंतर शेठनी या बाईंशी कधी उपरण्याखाली सौदा केला नाही. त्यांचा दर तोंडाने, चारचौघांत, मोठ्याने ठरे.

याच बाई माझ्या घरमालकीण. गावात त्यांना तोंडावर काकी म्हणत आणि पाठीमागे सहाबोटी. हे त्यांना माहीत होतं. एकदा विहिरीवर दोघी बाया कुजबुजताना त्यांनी ऐकलं, तर रहाट थांबवून म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणा ग, खोटं थोडंच हाय?" मी मूळचा पेणकडच्या भातगावचा. वखारीत नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं होतं आणि बायकोला आणायला जागा हवी होती. काकींच्या वाडीत, विहिरीच्या अंगाला दोन खोल्या होत्या. त्या दाखवताना त्यांनी आधी हात दाखवला.

"बायको पोटुशी ऱ्हाईल कवातरी. तेव्हा ह्यो हात बघून भ्याली, तर मी हात कापून ठेवणार न्हाय. आधी तिला इचार, मंग सामान आण."

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "हाताला काय भ्यायचं? भाडं किती?" आम्ही राहायला आलो.

काकी तेव्हा पन्नाशीच्या असतील. नवरा प्लेगात गेला तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. मूल नव्हतं. अंगावर दागिना एकच: त्या सहाव्या बोटात चांदीचं वेढणं, म्हणजे साधी तारेची अंगठी. विधवा बाईच्या हातात अंगठी, तीही तसल्या बोटात, म्हणून दिराने, भावकीने, देवळातल्या पुजाऱ्याने, प्रत्येकाने एकदा तरी सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "लग्नात पाच बोटांचा हात मागितलेला. सहावं शालूखाली झाकलं व्हतं, ते कुणी मागितलंच न्हाय. नवरा गेला, त्याची पाच त्याच्यासंगं गेली. हे माजं हाय."

सासरच्यांना तो हात लग्नानंतर दिसला. सासूने आरडाओरडा केला नाही, पण सुनेने पंगतीत डाव्या हाताने वाढावं असं सांगितलं. सुनेने उजव्यानेच वाढलं. जेवणारे उठले नाहीत, कारण माशाचं कालवण चांगलं झालं होतं. हे त्या अगदी शांतपणे सांगत, जसं काही त्यात दुसरं काही होण्यासारखंच नव्हतं. पुढे नवरा गेल्यावर सहाव्या बोटाने नवरा खाल्ला असं सगळे म्हणाले. "त्या सालात या आळीत किती पुरुष मेले, मोज," त्या मला म्हणाल्या. "त्या समद्यांच्या बायकांना काय सहा बोटं व्हती?"

बोलताना बोट दाखवायचं झालं तर त्या तर्जनी वापरत नसत. हात आडवा करून ते सहावंच पुढे करत. रस्ता सांगताना, नारळ पाडणाऱ्याला झाड दाखवताना, कोणावर रागावताना. हात बघणारा एक जोशी दारावर आला आणि एका रेषेकडे पाहून अरेरे म्हणाला, तर त्यांनी हात मागे घेतला. "तुज्या पोथीत सहा बोटांचा हात हाय का? न्हाय ना? मंग तुला काय कळणार हाय? पाणी पी आणि जा." त्याला पाणी दिलं, गूळही दिला, दक्षिणा दिली नाही.

बोट कुठून आलं हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. वडलांना सहा होती, आज्याला सहा होती, एका आत्याला दोन्ही हातांना होती. "बापानं मला दोन गोष्टी दिल्या. निम्मी वाडी आन् हे बोट. वाडीवर दिरानं दावा लावला. बोटावर कसा लावणार?" फक्त एकदाच त्या वेगळ्या सुरात बोलल्या. सुपारी फोडत होत्या. अडकित्ता थांबवून म्हणाल्या, "माज्यानंतर संपलं आता हे. बाकी भावंडं पाचाचीच निपजली." आणि पुन्हा अडकित्ता चालू.

त्या सौद्यानंतर दुसऱ्या वर्षी, १९२३ च्या श्रावणात, माझी बायको बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. माझी आई गावाहून आली होती. सुईण बाहेर आली आणि मुलगी झाली म्हणाली, पण पुढे काही बोलायला तयार होईना. आत गेलो. मुलगी धडधाकट, आवाज खणखणीत. डाव्या हाताला करंगळीशेजारी एक बोट जास्त. मुळाशी बारीक, पण नख असलेलं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगत हुते तुला. दुसरीकडं खोली बघ म्हणून. नऊ म्हयने त्या बाईचा हात बघून बघून पोरीला लागलं हे."

आळीत दुसऱ्या दिवशी हेच बोलणं सुरू झालं. भाजीवालीने विचारलं, दलालाने विचारलं, शेठनी "काकीच्या वाडीतून माल आला वाटतं" अशी थट्टा केली. मी घरी येऊन काकींना सांगितलं, कारण त्यांच्या कानावर दुसरीकडून गेलं असतं तर वाईट दिसलं असतं.

त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "माज्या बघण्यानं झालं आसतं तर मला आवडलंच आसतं. पण तुज्या आधी त्या खोल्यांत दोन बिऱ्हाडं ऱ्हाईली. चार बाळंतपणं झाली. दाराशी हाच हात व्हता. समदी पाचाची. तू हिशेबी माणूस. तुला हे पटतंय?"

पटत नव्हतं. पण बायकोच्या माहेरी असं कोणी नव्हतं, आणि मला माझ्या घरातलं कोणी आठवत नव्हतं. माझी दोन्ही हातांची मिळून दहा. मग आलं कुठून?

आईने उपाय ठरवला होता. आमच्याकडे असं बोट घोड्याच्या शेपटीच्या केसाने मुळाशी आवळून बांधतात. आठवडाभरात ते काळं पडतं, वाळतं आणि गळतं. सुईणीने दोन रुपये सांगितले. केस टांगेवाल्या चाचांकडून आणला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण घोड्याला हरभरे द्या म्हणाले. आईची घाई होती ती सहाव्या दिवसाची. त्या दिवशी सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. तिने लिहायच्या आत बोट बांधलेलं असावं, म्हणजे नशिबात ते धरलं जाणार नाही, असा आईचा हिशेब.

सहाव्या दिवशी दुपारी सुईण आली. तिने केस कोमट पाण्यात भिजवला. बायको खाटेवर बसून मुलीला घेऊन होती. तिने मुलीचा डावा हात आपल्या मुठीत घट्ट धरला होता आणि सोडत नव्हती. मी दारात उभा. तेवढ्यात काकी आल्या आणि थेट आत शिरल्या. त्या बाळंतिणीच्या खोलीत यापूर्वी एकदाही आल्या नव्हत्या.

"तुमी बाहेर व्हा," आई म्हणाली. "तुमचा हात बघून हे झालंय. आजून काय बघायचं ऱ्हायलंय?"

"तुमचा हात बघायचा ऱ्हायलाय, बाय," काकी म्हणाल्या.

"माज्या हाताला काय झालंय?"

"काल तुमी माज्या ओटीवर तांदूळ निवडत व्हता. उजव्या करंगळीच्या कडेला एक दाणा हाय तुमच्या. तांदळाएवढा. निवडताना समदे दाणे हलले, तेवढा एक हलला न्हाय."

आईने हात पदरात घेतला. इतकी वर्षं मी तो हात पाहत आलो होतो. तो बारीकसा उंचवटा मलाही माहीत होता. लहानपणी विचारलं तेव्हा आईने चामखीळ म्हणून सांगितलं होतं.

"चामखीळ हाय ती," आई आताही म्हणाली.

"चामखिळीला जागा सापडली तीबी तीच? माज्या आत्यानं दोन्ही हातांची बांधून टाकलेली. दोन्ही हातांना आसेच दाणे व्हते. मरेतोवर."

सुईण भिजलेला केस दोन बोटांत धरून बसली होती. आई खाली बसली. म्हणाली, "माज्या आजीनं बांधलं. बारशाच्या आधी. बापानं शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून. नवऱ्यालाबी न्हाय सांगितलं." आणि मग माझ्याकडे पाहून, जवळजवळ तक्रार केल्यासारखी, "पर तुला कुठं आलं? तुजी तर पाच-पाच हाईत."

"त्याला न्हाय आलं, पण त्याच्याकडून गेलं," काकी म्हणाल्या. "टपालवाला पत्र वाचतो का? नुसता पोचवतो."

आई हसली नाही. तिने जे विचारलं ते मला आजही योग्य वाटतं. "तुमचं ठीक हाय. तुमाला वाडी हाय. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाय. ह्या पोरीला काय हाय? कारकुनाची पोर. सोळा वर्सांनी लोक हिला बघाया येतील. तवा तुमी येणार हाय का उत्तर द्यायला?"

"मी आसंन का न्हाय कुणाला ठाऊक," काकी म्हणाल्या. "पण तुमाला येक इचारते. तुमचं बांधलं. थांबलं का? तुमच्या पोराच्या पोरीच्या हाताला निघालंच ना? आज हिचं बांधाल. हिच्या पोरीला न्हायतर नातीला निघंल. मंग ही बी तुमच्यासारखीच म्हातारपणी आपला हात पदरात लपवील आन् दुसऱ्या कुठल्या बाईला नावं ठेवील. बांधल्यानं बोट जातं. बाकीचं काय जात न्हाय."

सुईणीने माझ्याकडे पाहिलं. घरचा कर्ता म्हणून मी काय ते सांगायचं होतं. मी बायकोकडे पाहिलं. सहा दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "माझ्याच मुठीत आहे तो हात. मी नाही सोडत." आणि सुईणीला म्हणाली, "मावशी, तो केस चुलीत टाका. घरात नको."

केस चुलीत टाकला. त्याचा वास बराच वेळ राहिला. सुईणीला दोन रुपये ठरल्याप्रमाणे दिले. बांधलं नाही तर दोन रुपये का, असं तीच म्हणाली. मी म्हणालो, ठरलं होतं. सटवीची पूजा झाली. कोरा कागद आणि लेखणी पाटावर ठेवतात. काकींनी त्या दिवशी माझ्या वखारीतून जास्त मोठा कागद आणायला लावला. हिचं लिहायला जागा लागेल म्हणाल्या.

आई दोन महिने राहिली. त्या दोघींची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. पण आई गावी जाताना काकींनी तिला वाडीतली सुपारी दिली, आणि आईने ती घेताना उजवा हात पुढे केला.

मुलगी मोठी झाली ती बरीचशी काकींच्या वाडीत. शाळेत पोरं चिडवू लागली तेव्हा ती रडत आली. काकींनी तिला समजावलं वगैरे काही नाही. विचारलं, "पाढे कुठपर्यंत येतात त्यांना?" मग तिला सहाचा पाढा बोटांवर म्हणायला शिकवला, एका हाताने. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत पाढा म्हणून आली. त्यानंतर काय झालं मला माहीत नाही, पण ती पुन्हा रडत आली नाही. ती डावखुरी होती. बायको ते मोडू पाहत होती, काकी मोडू देत नव्हत्या. मी त्यात पडलो नाही; माझ्या हिशेबाने कोणत्याही हाताने लिहिलेली बेरीज बरोबर असली की झालं.

काकी १९३४ साली गेल्या. आजार चार दिवसांचा. वाडी पुतण्याकडे गेली; त्याने आमच्या खोल्या आमच्याकडेच ठेवल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावलं आणि वेढणं काढायला सांगितलं. इतक्या वर्षांत ते बोटात रुतलं होतं. तेल लावून निघालं. त्यांनी ते तिच्या डाव्या हातात घालायला लावलं आणि सैल होतंय असं पाहून म्हणाल्या, "वाढंल बोट. घाई न्हाय."

गेल्या वर्षी, म्हणजे १९३८ साली, मुलीला सोळावं लागलं. अलिबागचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. पाचशे रुपये हुंड्याचं बोलणं मध्यस्थाने आधीच करून ठेवलं होतं. बघायला तिघे आले: मुलाचे वडील, चुलते आणि मध्यस्थ. टांग्याने आले. मुलीने पोह्यांच्या बशा आणल्या. हात झाकला नव्हता. वेढणं आता बरोबर बसत होतं.

चुलत्यांनी पाहिलं. बशी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे असं एखादंच आलंय, की घराण्यात आहे?"

प्रश्न मला अपेक्षित होता. उत्तरही तयार होतं. पण मी तोंड उघडण्याआधी आतून आई आली. आता ती सत्तरीला टेकली आहे, आमच्याकडेच असते. कोणाचा आधार न घेता उठत नाही. त्या दिवशी भिंतीला धरून आली आणि पाहुण्यांसमोर बसली. तिने उजवा हात पुढे केला आणि अंगठ्याने तो दाणा दाखवला.

"घराण्यात हाय. माज्याकडून आलंय. माजं बांधून टाकलेलं. नवऱ्याला सांगितलं न्हाय, पोराला सांगितलं न्हाय. तरी नातीला आलं. हिचं आमी बांधलं न्हाय. काय इचारायचं ते मला इचारा, पोरीला नको."

चुलते म्हणाले, "म्हणजे पुढच्या पिढीतही येणार."

"येईल, न्हायतर न्हाय येणार. माज्या पोराला न्हाय आलं. आलं तर बांधू नका येवढंच सांगते. काय उपेग न्हाय त्याचा."

मुलाचे वडील भले गृहस्थ वाटले. ते मुलीकडे पाहून काही बोलणार होते. पण चुलत्यांनी मध्यस्थाच्या कानाला लागून काही सांगितलं आणि मध्यस्थ मला म्हणाला, "यांची ना नाही. पण एवढी गोष्ट पदरात घ्यायची, तर वर दोनशे द्यावेत. सातशेत करून टाकू."

माझ्याजवळ सातशे नव्हते, पण उभे करता आले असते. मी मनात बेरीज मांडलीही होती. आईने ती माझ्या चेहऱ्यावर वाचली असावी.

"जास्त आमचंच जातंय," ती म्हणाली, "आन् वर पैसेबी आमीच द्यायचे? ह्यो कुठला भाव?" मग दाराकडे वळून म्हणाली, "तू सांग ग."

मुलगी दारात उभी होती. डावा हात चौकटीवर होता. तिने आवाज चढवला नाही. "मला यांच्याकडे जायचं नाही," ती म्हणाली. आणि बशा उचलायला आत आली.

पाहुणे उठले. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. टांगा सकाळपासून थांबून होता. चाचा तेच, घोडा दुसरा. जाण्यायेण्याचं भाडं वरपक्षाने देण्याची रीत, पण चुलते पिशवी शोधण्यात वेळ घालवू लागले. मी म्हणालो राहू द्या, आणि स्वतःच पैसे काढले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या मुलीकडे पाहिलं, आणि पैसे घेऊन लगाम उचलला.

हुंडा, मानपान, बोटाचे दोनशे, यातलं काही दिलं नाही. टांग्याचे बारा आणे दिले, चाचांना.